मेंढरं बसवायचा रेट वाढला, त्यामागचं माळाचं गणित

मे महिन्यात गावी गेलो होतो, बेळगाव जिल्ह्यात चिकोडीच्या बाजूला, तेव्हा नांगरट झालेल्या रानात आमच्या काकांची आणि एका धनगर मामांची घासाघीस चालली होती. दीड एकरात चार रात्री मेंढरं बसवायची होती आणि मामांनी रेट मागच्या सालापेक्षा बराच चढवून सांगितला. काका म्हणाले, "काय वो मामा, मेंढरं तीच, लेंड्या त्याच, मग रेट कशानं वाढला?" मामांनी तंबाखू मळता मळता शांतपणे सांगितलं, "मेंढरं तीच हाईत, पण माळ ऱ्हायला न्हाई. तुमच्या गावचं गायरान तारंनं बांधलंय, पलीकडं निलगिरी लावल्या. आता पोट भराय दोन गावं जास्त चालाय लागतंय, त्याचं पैसं कोण दील?"

काका गप्प झाले, थोडं इकडंतिकडं करून पैसे दिले. मी मात्र त्या एका वाक्यावर अडकलो, कारण ज्या विषयावर हॉटेलात दोन-दोन दिवस सेमिनार होतात तो मामांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकायच्या आत संपवला होता.

शहरातल्या मंडळींसाठी आधी सांगतो, मेंढरं बसवणं म्हणजे काय. कळप दिवसभर माळावर, बांधाला, पिकं निघालेल्या रानात चरतो आणि रात्री ज्याच्या शेतात ठरलंय तिथं वाडा करून बसतो. रात्रभर लेंड्या आणि मूत थेट जमिनीत, दुसऱ्या रात्री वाडा थोडा सरकवायचा, असं करत सगळं रान खतावून निघतं. शेतकरी त्याबदल्यात पैसे देतो, कुठं धान्य, कुठं रात्रीचं जेवण. म्हणजे बघा, माळावरचं गवत मेंढीच्या पोटातून खत होऊन उसाच्या, ज्वारीच्या रानात आलं आणि त्याचे रोख पैसे झाले. माळाचा फायदा पैशात उतरवायची ही पद्धत आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, फक्त तिला कुणी इंग्रजी नाव दिलं नव्हतं.

आता ते नाव पण आलंय. इकोसिस्टम सर्व्हिसेस म्हणतात, मराठीत परिसंस्था सेवा, शब्द जरा जड आहे. अर्थ एवढाच की निसर्ग आपल्यासाठी जी कामं फुकटात करतो ती मोजा. २००५ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकारानं एक मोठा जागतिक अभ्यास झाला, त्यात या कामांचे चार गट केले: हातात मिळणारा माल, नियमन करणारी कामं (पाणी मुरवणं, हवा सांभाळणं वगैरे), संस्कृतीशी जोडलेलं आणि या सगळ्याला पाया देणारं, म्हणजे माती तयार होणं. परीक्षेला बसायचं नसेल तर गट पाठ करू नका, आपला माळ काय काय करतो तेवढं बघूया.

हातात मिळणारं सगळ्यांना दिसतं. बेळगावचा कुंदा घ्या. कुंद्याच्या मागं दूध, दुधाच्या मागं म्हैस, म्हशीच्या मागं वैरण. खानापूरच्या डोंगरातले गवळी धनगर म्हशी रानात चारून दूध-लोणी बेळगावात विकत आले, पश्चिमेकडच्या पट्ट्यात दिवाळीनंतर डोंगराचं गवत कापून, पेंड्या बांधून गंज्या रचायच्या आणि त्या पावसाळ्यापर्यंत पुरवायच्या हे ठरलेलं. अथणी, कागवाड, रायबागकडं पाऊस एकदम कमी, तिथं माळावरचं गवत दोन-तीन महिनेच हिरवं असतं पण मेंढरं त्याच्यावरच जगतात. आणि जिथं कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, तिथं जनावरं उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यावर, आली. वाडं फुकट मिळतं खरं, पण त्यात ऑक्झलेट जास्त, ते शरीरातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून डॉक्टर चुन्याची निवळी द्यायला सांगतात. माळाच्या गवताला असलं काही लागत नव्हतं.

न दिसणारं काम मात्र मोठं आहे आणि ते जमिनीखाली चालतं. मारवेल, पवना, शेडा ही आपल्या माळावरची चांगली गवतं बहुतेक बहुवर्षायु आहेत, म्हणजे वरचं वाळलं तरी मुळं जिवंत. ही मुळं माती धरून ठेवतात आणि जुनी मुळं कुजली की त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, पाणी त्यातून आत उतरतं. उघड्या मुरमाड जमिनीवर वळवाचा पाऊस पडला की लाल पाणी धावत सुटतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकलमधून पाणी येतं, राकसकोप मार्कंडेय नदीवर आणि हिडकल घटप्रभेवर. वरच्या डोंगर-माळावरचं गवत गेलं की धरणात पाण्याबरोबर गाळ पण येतो. शहरवाला पाणीपट्टी भरतो ती पंप, पाईप आणि पगारासाठी. वर डोंगरावर ज्यानं वणवा लागू दिला नाही, त्याच्या वाट्याला त्यातला एक रुपया जात नाही.

कार्बनचं पण असंच. जंगलात बराच कार्बन खोडात, फांद्यांत, म्हणजे वर असतो, गवताळ भागात तो जास्त करून मुळांत आणि मातीत. वणवा लागला तर झाडातला हवेत जातो, मातीतला बराचसा जागेवर राहतो, त्यामुळं कोरड्या, वणव्याच्या मुलखात गवताची तिजोरी जास्त भरवशाची. हे लिहिण्याचं कारण म्हणजे आपल्याकडं पर्यावरण म्हटलं की खड्डा खणायचा आणि रोप लावून फोटो काढायचा एवढंच डोक्यात बसलंय. हावेरी जिल्ह्यात राणेबेन्नूरला काळविटांचं अभयारण्य आहे, तिथल्या माळावर निलगिरी लावली गेली आणि तिथला माळढोक दिसेनासा झाला. हिरवळ वाढली पण पक्षी गेला.

मग एवढं सगळं देणाऱ्या माळाची किंमत शून्य का? कारण कागदावर तो पडीक आहे. इंग्रजांच्या महसुलाच्या हिशोबात ज्या जमिनीतून सारा येत नाही ती वेस्टलँड, आणि तो शब्द आपण स्वातंत्र्यानंतर पण तसाच चालू ठेवला. देशाचा वेस्टलँड अ‍ॅटलास २००० साली पहिल्यांदा निघाला आणि त्यात मोठमोठी गवताळ रानं पडीक म्हणूनच रंगवली गेली. संशोधकांनी २०२२ मध्ये देशातल्या कोरड्या भागातल्या अशा मोकळ्या नैसर्गिक जमिनींचा नकाशा केला तर त्या देशाच्या जवळपास १० टक्के भरल्या. दहा टक्के देश पडीक कसा असेल? पण पडीक म्हटलं की देऊन टाकायला बरं पडतं, कुणाला कारखान्याला, कुणाला सोलरला, कुणाला वृक्षारोपणाला.

आता पैशाचं बोलू. इथं तीन शब्द वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ संपतो: मोल, भाव आणि रोकड.

मोल म्हणजे ती गोष्ट आपल्याला किती उपयोगाची. १९९७ मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या सगळ्या परिसंस्था सेवांचं मोल वर्षाला ३३ लाख कोटी डॉलर असं मांडलं होतं, त्यात गवताळ प्रदेशाला हेक्टरी २३२ डॉलर. २०१४ मध्ये त्याच मंडळींनी नवी माहिती धरून पुन्हा हिशोब केला तर गवताळ प्रदेशाचा आकडा हेक्टरी ४,१६६ डॉलरवर गेला. सतरा वर्षांत गवत काही एवढं वाढलं नाही, वाढली ती मोजायची माहिती आणि पद्धत. म्हणून असले आकडे कुणी पेपरात फेकले तर हुरळून जाऊ नका, ते आकडे म्हणजे कुणाच्या खात्यात पडलेले पैसे नव्हेत. त्यांचा उपयोग एवढाच की सरकारी कागदावर जिथं शून्य लिहिलंय तिथं शून्य नाही हे दाखवता येतं.

भाव म्हणजे दोन माणसं घासाघीस करून ठरवतात तो, काका आणि मामांनी ठरवला तसा. आणि रोकड म्हणजे शेवटी कुणाच्या खिशात गेली ती. माळाचं मोल प्रचंड, भाव फक्त थोड्या गोष्टींना, आणि रोकड बहुतेक वेळा भलत्याच माणसाकडं, अशी सगळी गंमत आहे.

बरं, टिकाऊ पद्धतीनं कमवायचं म्हणजे नेमकं काय, तर मुद्दलाला हात न लावता व्याज खायचं. हे गवताच्या बाबतीत अगदी हिशोबानं सांगता येतं. समजायला आकडे धरूया. गावाचं गायरान १०० एकर, आणि बरं गवत असलेल्या माळावर एकरी १ टन वाळलेलं गवत निघतं. चराईतला जुना नियम आहे, अर्धं खा आणि अर्धं ठेव, कारण उरलेल्या अर्ध्यातून मुळांना खायला मिळतं, जमीन झाकलेली राहते आणि बी पडतं. म्हणजे एकरी ५०० किलो वापरायला, १०० एकराचं ५०,००० किलो. साधारण ३० किलोची मेंढी दिवसाला अंदाजे १ किलो कोरडा चारा खाते. म्हणजे त्या माळावर ५०,००० मेंढी-दिवस आहेत. पाचशेचा कळप असेल तर १०० दिवस, हजाराचा असेल तर ५०. वर्षभर तिथंच ठेवायची असतील तर फक्त १३५-१३७ मेंढरं.

आता समजा भाव चांगला आला म्हणून गावानं त्याच माळावर पाचशेचे दोन कळप शंभर दिवस सोडले. पहिल्या साली जोरात पैसे. पण मारवेल, पवना मेंढरांना सगळ्यात गोड, ती आधी मुळापर्यंत खाल्ली जातात. मग कुसळी गवताचं राज्य येतं, ते कोवळं असतानाच खाण्यासारखं, नंतर कुसळं लोकरीत घुसतात, तोंडाला टोचतात. ते पण संपलं की टाकळा आणि गाजर गवत, ज्याला जनावर तोंड लावत नाही. लांबून माळ हिरवाच दिसतो, पण दुकानातला माल संपलेला असतो.

आणि याच्या उलट्या टोकाला जाऊन कायमची चराईबंदी करणं हा पण प्रत्येक ठिकाणी उपाय नाही असं माझं मत आहे. उजाड झालेल्या माळाला तीन-चार वर्षं विश्रांती द्यावी, ते बरोबर आहे. पण न चरलेलं, न कापलेलं जुनं गवत साठत गेलं की खालच्या कोंबांना ऊन मिळत नाही आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणाची तरी काडी पडली की सगळा डोंगर पेटतो. शिवाय बंदी केली की गावातल्या म्हशीवाल्याला कापून न्यायची सोय होते आणि फिरता धनगर तेवढा बाहेर पडतो. माळाचे तुकडे पाडून आळीपाळीनं चारायचे, एक तुकडा बी झडेपर्यंत बंद ठेवायचा, हे जास्त शहाणपणाचं. त्या मामांना विचारलं तर ते म्हणाले, "बी झडल्याबिगार इळा लावू नगो, मेंढरू घालू नगो, बास." झाशीच्या गवत संशोधन संस्थेचं एक केंद्र आपल्या जवळ धारवाडला आहे, गवताचं बियाणं आणि माहितीसाठी गावांनी तिथं जायला हरकत नाही, आपण तिकडं हायकोर्टाच्या तारखेलाच जातो.

पैसे येण्याच्या वाटा बघितल्या तर सगळ्यात खात्रीची वाट अजून मालाचीच आहे. गुजरातमधल्या बन्नीत बघा, कच्छमधला तो मोठा गवताळ प्रदेश, तिथल्या मालधारी, म्हणजे जनावरं पाळणाऱ्या लोकांच्या म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, पुढं डेअऱ्या दारापर्यंत आल्या आणि म्हशीचे भाव चढले. गवत तेच, पण नाव मिळालं आणि बाजार जवळ आला. आपल्याकडं घोंगडीचं उलटं झालं. दख्खनी मेंढीची काळी, जाड लोकर कातरायची, सूत काढायचं, सणगर खड्डा-मागावर विणणार, चिंचोक्याची खळ देऊन ताठ करणार, पाऊस अंगावर घेतला तरी आत ऊब. मी लहान असताना आमच्या आजोबांची घोंगडी दाराआड खुंटीला असायची, तिला ओल्या मेंढराचा आणि धुराचा मिळून एक वास होता, तो अजून आठवतो. आता बऱ्याच ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते, म्हणून लोकर बांधालाच पडते. मटणाला भाव आहे म्हणून जतकडची माडग्याळ मेंढरं आली, उंच, वजनदार, पण लोकरीच्या नावानं फारसं काही नाही. दुसरीकडं हीच घोंगडी पुण्या-मुंबईत योगा मॅट म्हणून हजारांत विकली जाते. मधलं अंतर कुणी कापायचं हा प्रश्न आहे, आणि तो सोडवायला कार्बन-बिर्बन काही लागत नाही, सूत काढणाऱ्या बायकांचा गट, एक मागवाला आणि बरा मोबाईल लागतो.

दुसरी वाट पर्यटनाची. पुणे वनविभागानं इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळला ग्रासलँड सफारी चालू केली, चिंकारा, लांडगा, खोकड बघायला लोक पैसे भरून येतात, गावातली पोरं गाईड. कास पठारावर पण प्रवेश फी आहे आणि रोजच्या माणसांवर मर्यादा आहे. आमच्या खानापूर-जांबोटीकडच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, पावसाळ्यात फुलं येतात, तिथं सध्या मर्यादा पण नाही आणि फी पण नाही, रविवारी गाड्या थेट फुलांवर उभ्या. पण प्रत्येक माळ पर्यटनाचा होणार नाही, आणि लांडगा बघायला येणाऱ्यानं फी दिली तरी लांडग्यानं नेलेल्या मेंढराची भरपाई धनगराला वेळेत मिळाली नाही तर तो लांडगा काही राहत नाही.

तिसरी वाट सरकारनं पैसे द्यायची. चीननं २०११ पासून हे मोठ्या प्रमाणावर केलंय. जिथं चराई पूर्ण बंद केली तिथं मेंढपाळाला दर मू जमिनीमागं ६ युआन (मू म्हणजे आपले साधारण साडेसहा गुंठे), आणि जिथं ठरलेल्या मर्यादेत जनावरं ठेवली तिथं दीड युआन, २०१६ पासून ते साडेसात आणि अडीच झाले. कल्पना चांगली, पण पोटापुरतं मिळालं नाही की माणूस रात्री जनावर सोडतोच, हे सांगायला चीनला जायला नको. आपल्याकडं याचं लहान रूप करता येईल, पाणीपट्टीतला थोडा वाटा धरणाच्या वरच्या गावांना, अट एकच की मार्चमध्ये डोंगर जळलेला नसावा. हे मोजायला सोपं आहे, काळा डोंगर कुणालाही दिसतो.

चौथी वाट कार्बन क्रेडिट, आणि सध्या एजंट लोक याच्याबद्दलच बोलतात. चराई सुधारली, मातीत कार्बन वाढला, तेवढ्या टनांचं सर्टिफिकेट कंपनीला विकलं, असा व्यवहार. केनियाच्या उत्तरेला याचा एक प्रचंड मोठा प्रकल्प झाला, जगातल्या बड्या कंपन्यांनी क्रेडिट घेतले, मग प्रश्न निघाले की चराई खरंच बदलली का, कार्बन नीट मोजला का आणि मेंढपाळांना विचारलं होतं का, आणि २०२३ मध्ये क्रेडिट देणं तपासणीसाठी थांबवावं लागलं. मातीतला कार्बन हळू वाढतो आणि मोजायला महाग. शंभर एकराच्या गावाला त्यातून मोजणीचा खर्च तरी सुटेल का याची मला शंका आहे. वीस-तीस वर्षांच्या करारावर अंगठा मागत कुणी आलं तर आधी ग्रामसभा घ्या, चहा नंतर.

या सगळ्या वाटांवर एकच दगड आडवा आहे: माळ कुणाचा? तुमकूर जिल्ह्यात पावगडाला २,०५० मेगावॅटचा सोलर पार्क झाला, १३,००० एकरांवर. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडं ठरलं, दुष्काळी मुलखात ते काही वाईट नाही. पण त्या जमिनीवर मेंढरं चारणाऱ्याच्या नावावर काहीच नव्हतं, त्याला कुंपण मिळालं. जमिनीला भाव आला आणि त्याच भावानं त्याला बाहेर काढलं. म्हणून मला वाटतं, माळाची किंमत लावायच्या आधी हक्क लिहून घेतले पाहिजेत, गावाचे पण आणि वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्या धनगराचे पण. वनजमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा आणि फिरत्या पशुपालकांचा हक्क स्पष्ट आहे. ज्यांना वाटतं फिरत्या माणसाला कुठं गावात जागा असते, त्यांनी बाळूमामांचे बग्गे, म्हणजे या संताच्या नावानं फिरणारे मेंढरांचे कळप, बघावेत. बाळूमामांचा जन्म १८९२ चा, आपल्या निपाणी भागातल्या अक्कोळचा, आणि आजही त्यांची मेंढरं रानात बसली तर शेतकरी हात जोडतो. तीच श्रद्धा साध्या धनगराच्या कळपाला चराई देताना कुठं जाते कळत नाही.

गावच्या माळाला आमच्याकडं कागदावर गोमाळ म्हणतात, मराठीत गायरान. कर्नाटकाच्या महसूल नियमात दर १०० जनावरांमागं ३० एकर गोमाळ राखायचं गणित आहे. आणि सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०११ मध्ये पंजाबच्या एका केसमध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय की गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढून त्या ग्रामसभेला, पंचायतीला परत द्या.

हे वाचून मी उत्साहात गावच्या दोन पोरांना घेऊन उतारा काढला. कन्नडमध्ये गोमाळ, ४२ एकर काही गुंठे. तारेच्या कुंपणातलं धरून चाललो, मोबाईलवर जीपीएस लावून सगळी हद्द फिरलो, दोन वेळा, कारण पहिल्यांदा वाटलं आमचंच चुकलं. सव्वीस एकर भरलं. उरलेले सोळा तिघांच्या उसात आहेत, आणि गेल्या ग्रामसभेत गायरान वाचवा म्हणून सगळ्यात मोठ्यानं बोलणारे तेच तिघं पहिल्या रांगेत बसले होते. पीडीओ साहेबांना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, नकाशा दाखवला तर ते म्हणाले, ऊस तुटून जाऊ दे, मग मोजणी लावू. ऊस तुटला, त्याच बुडख्यांवर खोडवा राखलाय.